रकमेच्या रकान्यातला मजकूर

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयाचं वर्गणीचं रजिस्टर आम्ही सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) उतरवलं आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका सभासदाची अनामत ५०० आणि वर्गणी १०० यांची बेरीज केली, तर उत्तर ५००१०० येतं. मजकुराचा पूर्णांक करणारं इंट वापरलं की काही ओळी नीट जातात आणि मध्येच ‘व्हॅल्यू एरर’ येऊन प्रोग्राम थांबतो. बऱ्याच जुन्या नोंदी देवनागरी अंकांत आहेत. त्या पुन्हा टाइप कराव्या लागतील का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : एकही नोंद पुन्हा टाइप करू नका. पायथन ३ मधलं इंट देवनागरी अंक जसेच्या तसे वाचतं, दशांश संख्यांसाठीचे फ्लोट आणि डेसिमलही वाचतात. युनिकोड या सगळ्या लिपींसाठीच्या संकेतपद्धतीत प्रत्येक अंकाच्या चिन्हासोबत त्याची किंमतही नोंदलेली आहे आणि पायथन तिचा उपयोग करतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं नंबर हेच अंक दिले की ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) म्हणून मोकळं होतं. आपल्या लिपीतला हिशेब पायथनला थेट कळतो, याचा मला फार आनंद वाटतो.

तुमच्या ५००१०० चं कारण साधं आहे. सीएसव्ही मॉड्यूल प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच हाती देतं, आणि दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह घातलं की ते एकापुढे एक जोडले जातात. क्रम लावायला गेलात तर याच कारणाने १००० हे ९०० च्या आधी येईल.

आता अडणाऱ्या ओळी. ‘१,२५०’ मधला स्वल्पविराम इंटला चालत नाही. तो रिप्लेसने काढा. ‘२५०.५०’ सुद्धा इंट नाकारतं. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा मात्र चालते.

खरा धोका ‘रु.’ चा आहे. अंक आणि टिंब ठेवून बाकी सगळं पुसून टाका, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. ‘रु.४५०’ मधला ‘रु’ जातो, टिंब राहतं, आणि उरलेलं ‘.४५०’ फ्लोट निमूटपणे वाचतं. साडेचारशे रुपयांचे पंचेचाळीस पैसे झाले आणि एररही आली नाही! टिंबही पुसलंत, तर ‘२५०.५०’ चे २५०५० होतात. म्हणून आधी स्ट्रिपने मागेपुढची मोकळी जागा काढा, मग सुरुवातीचं ‘रु.’ टिंबासकट आणि शेवटचं ‘/-’ एवढंच नेमकं काढा. पायथन ३.९ पासून त्यासाठी रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स आहेत.

रकमेसाठी मी फ्लोट वापरत नाही. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते. साफ केलेला मजकूर थेट डेसिमलला द्या, पैशांपर्यंत चोख राहतो. फक्त लक्षात ठेवा, न वाचता आलेल्या मजकुरावर डेसिमल ‘व्हॅल्यू एरर’ देत नाही, ‘इनव्हॅलिड ऑपरेशन’ देतं. एरर पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये तेच नाव लिहा.

आणि त्या एक्सेप्टमध्ये नुसतं पास (म्हणजे ‘काहीच करू नको’) लिहून पुढे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. कुणीतरी खिशातून दिलेली वर्गणी अशाने एकूण बेरजेतून गुपचूप गळते. ओळीचा क्रमांक आणि मूळ मजकूर वेगळ्या यादीत टाका, आणि ती यादी घेऊन रजिस्टरपाशी बसा. रिकाम्या रकान्याचंही तेच करा. जावास्क्रिप्टचं नंबर रिकाम्या मजकुराला शून्य मानतं, पायथन अडतो. मला पायथनचं अडणंच पटतं. तो रकाना वर्गणी न भरल्यामुळे रिकामा आहे की लिहायची राहिली म्हणून, हे तुमच्या ग्रंथपालांनाच सांगता येईल.

सभासद क्रमांक आणि पावती क्रमांक मात्र मजकूरच राहू द्या. त्यांची बेरीज कधी करायची नसते, आणि ‘००४२’ ला इंट लावलं की पुढची शून्यं जातात.