‘टिमिड’ म्हणजे आजार का हो ताई?

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यावर बोट ठेवून आईनं हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) यावल तालुक्यातलं केळी पिकवणारं घर. दहा वर्षांच्या लेकीला यंदाच जळगावला इंग्रजी शाळेत घातलेलं. बाईंनी शेरा लिहिला ‘टिमिड’. मोबाइलनं अर्थ दिला ‘भित्रा’, आणि घरात सगळे तिला भित्री म्हणायला लागले.

आधी शब्दाचं सांगते, कारण बरेच पालक इथंच घाबरतात. टिमिड हे स्वभावाचं वर्णन आहे, निदान नव्हे. बुजरा, बिचकणारा असा अर्थ. हरणालाही इंग्रजीत टिमिड म्हणतात. कुत्र्याची भीती वाटते तेव्हा ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’ म्हणतात; तिथं टिमिड चालत नाही. मूळ लॅटिन, ‘टिमेरे’ म्हणजे भिणे. धाक दाखवणे या अर्थाचा ‘इंटिमिडेट’ही त्याच मुळातला. म्हणून मी आईला विचारलं, हिला धाक कोणाचा वाटतो?

पोरगी फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत बसली होती. मराठीत विचारलं, गप्प. मग अहिराणीत विचारलं, “तुमना मळा कोठे शे?” कड सुटली. मळा, मोटर, केळीचे घड, सगळं आलं. म्हणाली, “धामण निंघनी तरी माले भेव वाटत नही.” धामण किती लांब असते ते दोन्ही हात ताणून दाखवलं. आई बघतच राहिली.

मग हळूच कळलं, पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘माले’ म्हणाली आणि पोरं हसली. तेव्हापासून तोंड बंद.

घरी घडाघडा बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त गप्प असेल, तर तज्ज्ञाला जरूर दाखवा. मात्र शाळेचा पहिलाच महिना त्यात धरू नका, आणि तिथली भाषाच येत नसेल तर ती गोष्ट वेगळी. हिचं तेच होतं. मी दोनच गोष्टी सांगितल्या: घरात ‘भित्री’ म्हणणं आजपासून बंद, आणि बाईंना जाऊन भेटा, पोरं हसली होती ते सांगा. बाईंनी मनापासून ऐकलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. पाणी प्यायला जाऊ का, असं तिनं वर्गात हात वर करून विचारलं. मराठीत.