ट्रान्सच्या ईपीतले सगळे ट्रॅक इतके फास्ट आणि एकसारखेच का वाटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मित्राने एका ट्रान्स (क्लबमध्ये वाजणारं इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत) प्रोड्युसरची तीन ट्रॅकची ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच) पाठवली, तिन्ही १४० बीपीएमच्या (मिनिटाला १४० ठोके) आसपास, प्रत्येकाचं पहिलं मिनिट नुसतं धप धप धप, आणि तिन्ही सारखेच वाटतात. मग लोक याला क्लबसाठी एक नंबर का म्हणतात, आणि एवढं चांगलं आहे तर सरळ अल्बम का नाही काढत?

रागवू नका, पण ते ट्रॅक तुमच्यासाठी बनवलेलेच नाहीयेत. ते डीजेसाठी बनवलेत, आणि डीजेने ते तुमच्यापर्यंत पोचवायचे असा सगळा हिशोब आहे. मी पोटापाण्याला वेगळंच काहीतरी करतो पण पुण्यात वीकेंडला वाजवतो, त्यामुळे असल्या ईपी माझ्याकडे ढिगाने पडल्यात.

ते पहिलं मिनिटच घ्या ना. १४० च्या स्पीडला ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणजे १२८ ठोके, म्हणजे साधारण ५५ सेकंद. एवढ्या वेळात मला काय काय करायचं असतं? आधीचा ट्रॅक संपत आलेला असतो, नवा ट्रॅक हेडफोनमध्ये जुळवून मी तो हळूच आत सोडतो, त्याचा 'लो', म्हणजे बेसचा नॉब पूर्ण खाली ठेवतो कारण दोन बेस एकावर एक आले की नुसता चिखल होतो, मग १६ किंवा ३२ बार संपले की जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर, एका झटक्यात. लोकांना फक्त जमिनीतून काहीतरी बदललेलं जाणवतं. आता या ५५ सेकंदांत नव्या ट्रॅकने आपली मेलडी वाजवायला घेतली तर जुन्याच्या सुरांशी तिची मारामारी होणार, म्हणून तिथे मुद्दाम फक्त किक (तो धप धप ड्रम) आणि हायहॅट (झांजेसारखी टिकटिक) ठेवतात. तुम्ही ज्याला रिकामं म्हणताय ती माझी कामाची जागा आहे. स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा तीन-साडेतीन मिनिटांचा एडिट पण असतो, त्यात ही सुरुवात कापलेली असते. घरी ऐकायचं असेल तर तो ऐका, एक्स्टेंडेड मिक्सच्या, म्हणजे डीजेसाठीच्या लांब ट्रॅकच्या वाटेला जाऊ नका.

गंमत म्हणजे गोव्यात ९० च्या आसपास हे बरोबर उलटं होतं. अंजुणाच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये डीजे गोवा गिल वगैरे मंडळी डॅट टेपवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) वाजवायची, कारण त्या उन्हात आणि धुळीत व्हिनाइलच्या तबकड्या टिकायच्या नाहीत, आणि युरोपातून तेवढं ओझं आणणार कोण. डॅटच्या मशीनवर स्पीड कमीजास्त करायची सोय नसायची, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवणं विसराच, एक संपला की दुसरा सुरू. म्हणून त्या काळच्या गोवा ट्रान्सच्या ट्रॅकची सुरुवात बघा, ठोका नसतोच, कसले कसले आवाज, कोणीतरी बोलतंय, हळूहळू काहीतरी उगवतंय, आणि शेवटही तसाच विरत जातो. मशीन बदललं तशी ट्रॅकची पहिली आणि शेवटची दोन मिनिटं बदलली. गोवा गिल २०२३ मध्ये गोव्यातच गेले, त्यांनी ही टेपवाली पद्धत खूप उशिरापर्यंत सोडली नव्हती. (आणि हो, लंडनचं अंजुनाबीट्स हे लेबल, २००० साली सुरू झालेलं, त्याचं नाव आपल्या या अंजुणावरूनच आहे, हे सांगितल्यावर अर्ध्या लोकांना अजूनही पटत नाही.)

अल्बम का नाही, तर मूळ कारण तबकडीच. १२ इंची व्हिनाइलवर आवाज मोठा आणि बेस जाडजूड हवा असेल तर खाचा रुंद आणि एकमेकींपासून लांब पाडाव्या लागतात, मग एका बाजूला एखादा, फार तर दोन ट्रॅक बसतात. जास्त कोंबले की आवाज बारीक होतो आणि क्लबमध्ये तो ट्रॅक बाकीच्यांपुढे मेंगळट वाटतो. म्हणून दोन-तीन-चार ट्रॅकचा हिशोब पडला. नंतर २००४ ला बीटपोर्ट (डीजेंसाठीचं ऑनलाइन म्युझिक दुकान) आलं, फाइली विकत घ्यायला लागलो, जागेची अडचण संपली, पण सवय काही गेली नाही कारण ती सोयीचीही आहे. मी १२ ट्रॅकच्या अल्बममधून वाजवणार एक किंवा दोन. मग प्रोड्युसरने दहा बाकीचे कशाला करायचे? (तीनच ट्रॅक असले की ॲपवर त्याच्यापुढे बऱ्याचदा सिंगल असं लिहून येतं, त्यात गोंधळू नका, ईपीच असते ती.)

आता स्पीड. १३८-१४० हा ट्रान्सचा जुनाच आकडा आहे. मध्ये २०१० च्या पुढेमागे मोठ्या फेस्टिव्हलच्या नादात बरेच जण १२८-१३२ वर उतरले, हाउस या दुसऱ्या डान्स प्रकारात आणि ट्रान्समध्ये फरकच राहीना, तेव्हा डच ट्रान्स डीजे आर्मिन व्हॅन ब्युरेनने २०१३ मध्ये 'हूज अफ्रेड ऑफ १३८' नावाचं वेगळं लेबलच काढलं, फक्त फास्ट मालासाठी. सायट्रान्सवाले (गोवा ट्रान्समधूनच निघालेला प्रकार) तर बरेचसे १४० च्या वरच राहिले. आणि गेल्या काही वर्षांत टेक्नोवाले पण १४५-१५० ला पळायला लागलेत, त्यामुळे १४० आता कोणाला फास्ट वाटतच नाही.

पण बीपीएम म्हणजे सगळं नाही बरं का. १४० ला एका ठोक्यात सोळांशाचे (बारच्या सोळाव्या भागाचे) चार तुकडे, एकेक जेमतेम १०७ मिलिसेकंदांचा. सायट्रान्समध्ये पहिल्या तुकड्यावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर बेस, म्हणून ते घोड्यासारखं पळतंय असं वाटतं. अपलिफ्टिंग ट्रान्समध्ये (मोठ्या मेलडीचा, भावुक प्रकार) बेस बऱ्याचदा दोन किकच्या बरोबर मध्ये येतो, तर तोच १४० तुम्हाला उड्या मारल्यासारखा वाटतो. आपल्या ढोल-ताशा पथकात बघा, ढोलाची चाल तीच असते पण ताशाने तर्री सुरू केली की वेग वाढल्याचा भास होतो, तसलंच आहे. किकची शेपूट (मागे रेंगाळणारा आवाज) त्या १०७ च्या आत संपली नाही तर ती बेसवर चढते आणि सगळं फुगतं, आणि नवीन प्रोड्युसरचे महिनेच्या महिने या एका भानगडीत जातात.

सारखे वाटतात म्हणालात, तर पुढच्या वेळी मधला ब्रेक ऐका, म्हणजे जिथे किक थांबते. चांगल्या ईपीत प्रत्येक ट्रॅकचं काम वेगळं असतं. एकाचा ब्रेक दीड-दोन मिनिटांचा, पियानो, मोठे पसरट कॉर्ड, हात वर करायला लावणारा, तो रात्री एकदाच वाजवायचा. दुसऱ्यात ब्रेक नावालाच, नुसती ३०३ ची (रोलंडचा जुना बेस सिंथ) ॲसिडची किरकिर आणि पुढे चला. आपल्याकडे ओपन-एअर असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, त्यामुळे तसली पार्टी दुपारीच सुरू होते, लांब ब्रेकवाले ट्रॅक उन्हात कोणाला झेपत नाहीत आणि हा दुसरा प्रकारच जास्त कामाला येतो.

आणि तिन्हीत ब्रेकही सारखाच, किकही तीच, तर मग तुमचे कान बरोबर आहेत, ती ईपी आळशी आहे. असल्या भरपूर येतात, तेच सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच), तोच स्नेअर रोल (ब्रेकच्या शेवटी वाढत जाणारा ड्रमचा तडतडाट), फक्त बीपीएम वाढवून ठेवलाय. स्पीड वाढवून फुसका ब्रेक काही जोरात होत नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकून मात्र निकाल देऊ नका, बेसचा मूळ सूर बऱ्याचदा ४१ ते ४९ हर्ट्झच्या मधे कुठेतरी, म्हणजे खूपच खाली असतो आणि तो फोनमधून येतच नाही.