दोष म्हणजे देवळातलं खोबरं नव्हे

बाय,

परवा ओटीवर बसून तू म्हणालीस, काका, अमेरिकेतला घरबाजार कोसळला त्यात बँका चुकल्या, कर्जरोख्यांना दर्जा देणारे रेटिंगवाले चुकले, कर्ज घेणारे पण हावरट, येणारं संकट कोणाला दिसलंच नाही, मग सरकारलाच वेगळं काय विचारायचं, सगळ्यांवर थोडं थोडं टाकते आणि प्रोजेक्ट संपवते. पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. पण डोक्यातून जाईना.

दोष म्हणजे काय देवळातलं खोबरं आहे का, प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवायला? आधी बघ, कोणाच्या हातात काय होतं. १९९४ च्या कायद्याने घरकर्जातले फसवे प्रकार बंद करायचा अधिकार फेडरल रिझर्व्हला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, दिलेला. सगळ्या सावकारांना लागू होतील असे नियम केले कधी, तर जुलै २००८ ला, किमती २००६ पासून उतरायला लागलेल्या! त्यांच्याच बोर्डावरचे ग्रॅमलिक आधीपासून सबप्राइमबद्दल, म्हणजे फेडायची ऐपत कच्ची असलेल्यांना दिलेल्या कर्जांबद्दल, सांगत होते. मग 'कोणाला दिसलंच नाही' हे कुठून काढलंस तू?

आणि पक्षाच्या भांडणात पडू नकोस. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेले सौदे, मोकळे सोडणाऱ्या २००० च्या कायद्यावर सही डेमोक्रॅट क्लिंटनची, रिपब्लिकन बुशच्या काळात काही राज्यांनी स्वतःहून कर्जाचे कडक कायदे केलेले तर २००४ ला केंद्रातल्या बँक नियंत्रकाने सांगितलं, राष्ट्रीय बँकांना हे लागू नाही. म्हणजे अधिकार वापरला, पण उलट्या बाजूने. या संकटाची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या आयोगाने २०११ ला लिहूनच दिलंय की हे टाळता आलं असतं.

आपल्याकडे रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने २००४ च्या शेवटी घरकर्जाचं रिस्क वेट ५० वरून ७५ टक्के केलं, म्हणजे त्याच कर्जापाठी बँकेला जास्त भांडवल ठेवायला लागलं. त्यांना काय भविष्य दिसत होतं? हातात होतं ते वापरलं, बस.

तुला वाटेल काकाला अमेरिकेचा एवढा राग कशाला. अगं, २००७ ला मी पंचायतीत होतो. सड्यावर बंगल्यांची स्कीम आली, मुंबईचा बिल्डर, ना हरकतीचा ठराव मासिक सभेत आला. मे महिन्यात वाडीच्या विहिरीत कळशी बुडत नाही हे मी रोज बघत होतो, तरी बोललो नाही. चिरेखाणीवरच्या पोरांना काम मिळत होतं, ट्रकवाल्यांना भाडं मिळत होतं, आणि मी नाही म्हणालो असतो तरी बाकीच्यांनी हो म्हटलंच असतं की. एका मेंबरच्या हातात असतं काय?

बघितलंस? मी पण लागलो वाटायला.

आता तिथे चिऱ्याच्या अर्धवट भिंती आहेत, चौकटीतून घाणेरी बाहेर आलीय. डोंबिवलीचे एक मास्तर फंडाचे पैसे घालून बसलेले, एकदा आले, विहिरीत वाकून बघितलं, आमच्याकडे चहा घेतला, मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर तिसरा चॅप्टर परत लिही. गाईडला बॅलन्स हवा असेल तर त्याला विचार, ज्याच्याकडे सहीचा अधिकार आणि ज्याच्याकडे फक्त कर्जाचा हप्ता, ते एका ओळीत कसे बसवायचे. रविवारी ये. त्या ठरावाची झेरॉक्स शोधून ठेवलीय, अनुमोदक म्हणून माझंच नाव आहे.

तुझा काका