पेशंटची चाल मोजताना: सुरुवात करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी

आधी दोनच चाचण्या हातात बसव: १० मीटर चालणं आणि ‘टग’ (TUG, म्हणजे ‘टाइम्ड अप अँड गो’). टगमध्ये पेशंट खुर्चीतून उठतो, ३ मीटर चालतो, वळतो, परत येऊन बसतो. सेकंद लिहिच, पण नजर वळणावर ठेव. पार्किन्सन्समध्ये (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) पाय अनेकदा तिथेच जमिनीला चिकटल्यासारखे होतात. हे घड्याळ सांगत नाही.

नवखे हमखास चुकतात ते असं:

- काठी, चप्पल, खुर्ची दर वेळी वेगळी. मग आकड्यांची तुलना कशी करणार?
- पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ न लिहिणं. गोळीचा असर असताना आणि नसताना चाल वेगळी दिसते.
- पेशंटच्या पुढे चालणं. तो तुझ्या वेगाने चालायला लागतो. कमकुवत बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. तोल गेला तर हात लगेच पोचतो.

बर्ग स्केल (तोल तपासायची चाचणी), चाल मोजणारे सेन्सर सगळं नंतर. जमेल तुला!