लेक म्हणते कोर्स सोडून ग्रेहाउंड रेसिंगमध्ये जाते, काय करू?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी १९ वर्षांची, व्हेट नर्सिंगच्या (व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर, त्याच्या हाताखालची नर्स) कोर्सला आहे, गेलं वर्षभर शनिवार-रविवार एका ग्रेहाउंड ट्रेनरच्या केनेलमध्ये (ग्रेहाउंड म्हणजे शर्यतीत पळवतात ते सडपातळ कुत्रे, केनेल म्हणजे ते ठेवायची जागा) काम करते, कुत्र्यांमध्ये इतकी रमलीये की आता म्हणते कोर्स सोडते, तिथेच फुलटाइम लागते आणि मग हळूहळू रेसिंगच्या बोर्डात जाते. ताईंचे दोन प्रश्न आहेत. एक, हा सगळा सट्ट्याचा धंदा ना, यात मुलीला जाऊ द्यायचं का? आणि दोन, बोर्ड, फंड, ट्रस्ट अशी इतकी नावं ती घेते की यातलं सरकारी कोणतं, खाजगी कोणतं, काहीच कळत नाही.

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कोर्स सोडू देऊ नका. बाकी तिची आवड खरी आहे असं तुमच्या पत्रावरूनच दिसतंय, तिला रागावू नका, पण कोर्स पूर्ण होऊ दे. का, ते सांगते.

पहिलं म्हणजे हा बोर्ड सरकारी नाहीये, बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज होतो. ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटन, म्हणजे जीबीजीबी, २००९ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून झाला, त्यातला नॅशनल ग्रेहाउंड रेसिंग क्लब तर १९२८ पासूनचा होता (मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर या रेस १९२६ ला सुरू झाल्या, म्हणजे दोनच वर्षांत नियम करणारे आले). ही या खेळाने स्वतःवर नेमलेली संस्था आहे. ट्रॅक, ट्रेनर, मालक, केनेलमध्ये काम करणारी मुलं, सगळ्यांना हाच बोर्ड लायसन्स किंवा नोंदणी देतो, कुत्र्यांची डोपिंग टेस्ट हाच करतो, नियम मोडला तर सुनावणी आणि दंडही इथेच. सरकारी भाग म्हणजे कायदा, इंग्लंडमध्ये २०१० चे रेसिंग ग्रेहाउंडच्या वेल्फेअरचे, म्हणजे त्यांची काळजी घ्यायचे नियम आहेत, त्यात ट्रॅकवर व्हेट असलाच पाहिजे, धावायच्या आधी त्याने प्रत्येक कुत्रा तपासलाच पाहिजे, जखमांची नोंद ठेवलीच पाहिजे असं आहे. आणि सट्टा जो आहे त्याच्यावर लक्ष गॅम्बलिंग कमिशनचं, त्यांचं ऑफिस बर्मिंगहॅमला, त्यांचा कुत्र्यांच्या तब्येतीशी संबंध नाही. तेव्हा मुलगी "बोर्डात" म्हणते तेव्हा ती सरकारी नोकरीबद्दल बोलत नाहीये, हे तिला पण माहीत आहे का ते विचारा.

आता सट्ट्याचं. तुम्हाला जे खटकतंय ते मला अजिबात जुनाट वाटत नाही, कारण पैसा खरंच तिथूनच येतो. ब्रिटिश ग्रेहाउंड रेसिंग फंड म्हणून आहे, बुकमेकर, म्हणजे सट्टा घेणारे बुकी, ग्रेहाउंडवर लागलेल्या पैशाच्या ०.६ टक्के त्यात देतात आणि त्यातून वेल्फेअर, ट्रॅकच्या सुधारणा वगैरे चालतं. पण घोड्यांच्या रेसला असा पैसा कायद्याने द्यावाच लागतो आणि ग्रेहाउंडला तो मर्जीवर आहे, दिला तर दिला, सगळे बुकमेकर देतातच असं नाही. म्हणजे कुत्र्यांची काळजी किती घ्यायची हे शेवटी लोक सट्टा किती लावतात आणि बुकी किती मनापासून देतात त्यावर अडतं. अशा ठिकाणी पगार कुठून येतोय हे बघूनच पाऊल टाकावं, मी तर प्रत्येक मुलाला सांगते की कुठल्याही संस्थेत अर्ज करायच्या आधी तिचा पैसा कुठून येतो हा एक प्रश्न विचार, निम्मं कळतं.

धंदा करणाऱ्यानेच धंद्यावर नजर ठेवली तर काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथल्या एबीसी चॅनेलने दाखवलं की काही ट्रेनर जिवंत ससे, डुकराची पिल्लं बांधून कुत्र्यांना सराव देतात. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात चौकशी बसली, २०१६ च्या जुलैमध्ये त्या राज्याच्या प्रीमियरने, म्हणजे मुख्यमंत्र्याने, बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागेही घेतली. पण एक चांगलं झालं, रेस भरवणारी संस्था आणि रेसवर नजर ठेवणारी संस्था वेगळी केली, ग्रेहाउंड रेसिंग न्यू साउथ वेल्सकडे धंदा राहिला आणि २०१८ पासून वेल्फेअर अँड इंटिग्रिटी कमिशन (कुत्र्यांची काळजी आणि खेळातला प्रामाणिकपणा बघणारं) वेगळं सुरू झालं. आयर्लंडमध्ये मात्र १९५८ च्या कायद्याने आलेली संस्था, आधीचं नाव बोर्ड ना गॉन आणि आता ग्रेहाउंड रेसिंग आयर्लंड, तीच खेळ वाढवते आणि तीच नियम लावते, वर सरकारी फंडही तिला मिळतो. आणि कुत्र्यांच्या वंशावळीचं पुस्तक परत वेगळ्याच ठिकाणी, क्लॉनमेलच्या आयरिश कोर्सिंग क्लबकडे. ब्रिटनमध्ये पळणारे बहुतेक ग्रेहाउंड आयर्लंडमध्येच जन्मलेले असतात, त्यामुळे तुमची मुलगी जिथे काम करते तिथे तिने ही नावं ऐकलेलीच असणार.

मी स्वतः एकदा ट्रॅकवर गेले होते, रेस बघायला कमी आणि मागची बाजू बघायला जास्त. कुत्रा आला की आधी त्याचा कान उजेडाकडे वळवून आतला टॅटू वाचतात, त्याच्या ओळखीच्या पुस्तकाशी ताडून बघतात, मग वजन काट्यावर, मागच्या वेळेपेक्षा एक किलोपेक्षा जास्त फरक पडला तर तो त्या दिवशी पळतच नाही, मग व्हेट चालवून बघतो. एक काळी कुत्री होती, व्हेट तिच्या मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर परत परत बोट दाबून बघत होता. मी विचारलं तर म्हणाला, इथे सगळे ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने, वळणावर सगळा जोर याच पायावर येतो, मोडलं तर हेच हाड आधी मोडतं. तिला त्याने पळू दिलं नाही. ट्रेनरचं तोंड पडलं पण तो काही बोलू शकला नाही. ताई, मला त्या दहा मिनिटांत कळलं की या सगळ्या व्यवस्थेत कुत्र्याच्या बाजूने उभं राहायची ताकद कुणाकडे आहे. ज्याच्याकडे शिक्षण आणि रजिस्ट्रेशन आहे त्याच्याकडे. केनेलमधल्या पोरीला पण दिसलं असेल की कुत्री लंगडतेय, पण तिच्या शब्दाने रेस थांबत नाही.

म्हणून म्हणते कोर्स. व्हेट नर्स म्हणून आरसीव्हीएसच्या (व्हेट आणि व्हेट नर्सची नोंदणी करणारी ब्रिटनमधली संस्था) रजिस्टरवर तिचं नाव लागलं की ती ट्रॅकवर, क्लिनिकमध्ये, घोड्यांकडे, कुठेही उभी राहू शकते.

आणि दुसरं कारण जास्त कडू आहे, तिला हे नीट बसवून सांगा. हा खेळ जगभर आटत चाललाय. अमेरिकेत सगळ्यात जास्त ट्रॅक फ्लोरिडात होते, २०१८ मध्ये तिथे लोकांनीच मतदान करून बंद करायला लावले, ६९ टक्के मतं पडली, २०२० च्या ३१ डिसेंबरला शेवटच्या रेस. न्यूझीलंडने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की २० महिन्यांत बंद. वेल्स सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत बंदी आणणार असं जाहीर केलं, आणि ते तर तुमच्या शेजारीच. डॉग्ज ट्रस्ट आणि आरएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्था आधी रेसिंगवाल्यांबरोबर बसून सुधारणा करायच्या, त्यांनीही २०२२ मध्ये सांगितलं की आता पुरे, हे टप्प्याटप्प्याने बंदच करा. इंग्लंडमध्ये काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण १९ वर्षांच्या मुलीला पुढची चाळीस वर्षं काढायचीयेत, तिने सगळी भिस्त एका खेळावर ठेवू नये.

याचा अर्थ तिने ग्रेहाउंड सोडावेत असा नाही हं. खेळ थांबला तरी कुत्रे राहतात, आणि तेव्हाच माणसं सगळ्यात जास्त लागतात. ग्रेहाउंड ट्रस्ट १९७५ पासून रिटायर झालेल्या कुत्र्यांना घरं शोधून देतंय. कधी जिना न बघितलेला, काचेचं दार न बघितलेला कुत्रा एखाद्या घरात रुळवायचा म्हणजे सोपं काम नाहीये. शिवाय ग्रेहाउंडचं शरीर पण वेगळं, रक्तात लाल पेशी जास्त, अंगावर चरबी नाही, भूल द्यायची काही औषधं त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. हे ज्याला हाताने माहितीये अशी व्हेट नर्स कुठल्याही क्लिनिकला हवीच असते, तिचं वर्षभराचं केनेलचं काम इथे कामाला येणार, ते वाया गेलं असं चुकूनही म्हणू नका.

आता करायचं काय तर केनेलचे दोन दिवस एक करा, दुसऱ्या दिवशी तिला एखाद्या रिहोमिंग सेंटरला (रिटायर कुत्र्यांना घरं शोधून देतात तिथे) व्हॉलंटियर म्हणून पाठवा, म्हणजे तोच कुत्रा पळताना आणि पळणं संपल्यावर असा दोन्हीकडून तिला दिसेल. जीबीजीबी शिस्तभंगाच्या सुनावण्यांचे निकाल छापतं आणि २०१८ पासून जखमांचे, रिटायरमेंटचे आकडेही दर वर्षी देतं, ते तिला वाचायला सांगा, आणि तुम्ही पण शेजारी बसून वाचा. वाचून झाल्यावरही तिला तपासणीच्या, इंटिग्रिटीच्या कामातच जायचं असेल तर माझा पूर्ण पाठिंबा आहे, रजिस्ट्रेशन हातात आल्यावर जाऊ दे, घोड्यांच्या रेसिंगमध्येही हीच कामं असतात आणि तिथे जागा जास्त.

आणि कॉलेजला नाव काढून घ्यायचं तिने अजून लिहून दिलं नसेल तर या आठवड्यातच बोला, दिलं असेल तरी ट्यूटरला फोन करून मागे घेता येतं का विचारा. तिला वाटलं तर तिने स्वतः मला लिहू दे, तिच्याशी बोलायला मला आवडेल.