उतारा वाचला, पण प्रश्न वाचला का?

या वेळी आलेली पत्रं आणि मेसेज जवळपास सगळे दहावीच्या इंग्रजीवर, आणि तेही मराठी माध्यमाच्या घरांतून, म्हणजे थर्ड लँग्वेज इंग्रजी, 'माय इंग्लिश कोर्सबुक' वाली मुलं. त्यातही रडगाणं एकच, उतारा. म्हणून आज फक्त उतारा, पत्रलेखन वगैरे पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. अनसीन पॅसेजमध्ये, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यात, इतके शब्द अडतात की डिक्शनरी घेऊन बसलं तर एका उताऱ्यात संध्याकाळ जाते. आणि एवढं करूनही उत्तरं चुकतातच. — विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

तुझी अडचण शब्दांची आहे असं तुला वाटतंय, मला तसं वाटत नाही. बहुतेक मुलं काय करतात माहितीये का, प्रश्नातला एखादा ओळखीचा शब्द धरतात, तोच शब्द उताऱ्यात कुठे आहे ते शोधतात, सापडला की ती अख्खी ओळ उचलून उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि पुढे जातात. वेब, म्हणजे माहितीचं जाळं पूर्ण करायच्या प्रश्नात हे कधीकधी चालून जातं. पण ट्रू-फॉल्सला आणि 'व्हाय' विचारलं की तिथे आपटतात, कारण पेपर काढणारे मुद्दामच वेगळे शब्द वापरतात.

एक छोटा नमुना देते, मीच रचलाय. 'द व्हिलेजर्स बिल्ट अ स्मॉल डॅम. इट स्टॉप्ड द रेनवॉटर, विच यूज्ड टू रन ऑफ इंटू द रिव्हर. दे हार्डली नीडेड टँकर्स दॅट समर.' आता प्रश्न, ट्रू की फॉल्स : 'द व्हिलेजर्स डिपेंडेड ऑन टँकर्स दॅट समर.' शब्द जुळवणाऱ्या मुलाला टँकर्स दिसलं, समर दिसलं, व्हिलेजर्स दिसलं, लिहिलं ट्रू. झालं, मार्क गेला. 'डिपेंडेड' तर उताऱ्यात नाहीच, आणि सगळा खेळ त्या 'हार्डली'वर आहे, म्हणजे 'जवळपास नाहीच', जे बरीच मुलं 'हार्ड'चा भाऊ समजून 'खूप गरज लागली' असा उलटाच अर्थ लावतात. 'डॅम'चा अर्थ आला नसता तरी चाललं असतं गं, पाणी अडवलं एवढं कळलं की भागतं.

म्हणून डिक्शनरी बाजूला ठेव आणि पहिल्या वाचनात फक्त दोन गोष्टींना पेन्सिल लाव. एक, 'इट', 'दे', 'दिस', 'विच' असले शब्द, प्रत्येकाला बाण काढून तो कोणाबद्दल आहे ते दाखव. वरच्या उताऱ्यात 'इट' म्हणजे डॅम, 'दे' म्हणजे गावकरी, हे एकदा जोडलं की वाक्यं सुटी राहत नाहीत. दोन, वाक्य फिरवणारे शब्द : बट, ऑलदो, अनलेस, हाउएव्हर, हार्डली, ओन्ली, इन्स्टेड. असे पंधरा-वीस शब्द नीट आले ना तर शंभर अवघड विशेषणं नाही आली तरी उतारा समजतो. दुसऱ्या वाचनानंतरही जो शब्द अडतोय आणि प्रश्नात लागतोय तेवढाच डिक्शनरीत बघ.

आणि रोज एक काम कर, उतारा झाला की त्यावर स्वतः दोन ट्रू-फॉल्स बनव, पण अट अशी की उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं नाही. पहिले काही दिवस कंटाळा येईल. नंतर पेपर काढणारा कुठे फसवतो ते आपोआप दिसायला लागतं.

प्रश्न : पेपरमध्ये आधी प्रश्न वाचायचे का उतारा? क्लासमध्ये एक सांगतात, शाळेत दुसरं. शिवाय वेळ पुरत नाही. — विद्यार्थी, सांगली

आधी प्रश्न. पण उताऱ्याखालचे ए१ ते ए५ असे पाचही नाही, ए१ आणि ए२ वर नुसती नजर टाक, मग उतारा सलग वाच. ए३ शब्दांचा असतो आणि ए४ व्याकरणाचा, त्यासाठी उताऱ्यात परत जावंच लागतं, ते आधी वाचून डोक्यात काहीच राहत नाही.

वेळेचं गणित साधं आहे. ८० मार्क, ३ तास. चौथा प्रश्न १५ मार्कांचा, १० चा अनसीन उतारा आणि ५ ची समरी (उताऱ्याचा सारांश), म्हणजे हिशोबाने अर्धा तास आणि वर थोडी मिनिटं. वीस उताऱ्याला, बाकीची समरीला. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, २०२३ पासून ते बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून देतात. त्यामुळे ११ वाजता पेपर हातात पडला की लगेच लिहायला सुटू नकोस, पहिली पाच मिनिटं नुसता पेपर वाच, तेवढा वेळ तुला शेवटी परत मिळणारच आहे.

प्रश्न : मॅडम, मी रिक्षा चालवतो, शिक्षण आठवीपर्यंत. मुलगा मराठी शाळेत दहावीला आहे. इंग्रजीत मला काही कळत नाही, मग घरी त्याचा अभ्यास कसा घेऊ? — एक वडील, नाशिक

दादा, तुम्हाला इंग्रजी येत नाही हे इथे उलट कामाचं आहे. मुलाने उतारा वाचला की पुस्तक बंद करायला लावा आणि म्हणा, आता मला मराठीत सांग काय होतं त्यात. शब्दाला शब्द नको, गोष्ट सांगितल्यासारखं. मग तुम्ही मध्ये मध्ये विचारत राहा, कोण म्हणालं, का गेला तो, मग पुढे काय झालं. जिथे तो अडखळेल किंवा गुळमुळीत काहीतरी बोलेल तिथेच त्याला समजलेलं नाही, हे पकडायला इंग्रजी लागत नाही, तुम्ही रोज पॅसेंजरची थाप ओळखता तसंच आहे हे. मग त्याला तेवढीच ओळ परत वाचायला पाठवा.

चिडू नका मात्र. दिवसभराचे दमलेले असता मान्य आहे, पण एकदा ओरडलात की तो सांगायचंच बंद करेल.

प्रश्न : समरी म्हणजे मुलगी उताऱ्यातल्या एक सोडून एक ओळी उतरवते आणि ए५ तर कोराच सोडते. काय करावं? — एक आई, चिपळूण

समरीचं आधी. तिला प्रत्येक परिच्छेदासाठी एकच मराठी वाक्य लिहायला सांगा, उतारा न बघता. मग त्या मराठी वाक्यांचं साधं इंग्रजी करायचं. मराठीतून गेल्यावर उताऱ्यातली ओळ उचलताच येत नाही, हा माझा आवडता उपाय आहे आणि इंग्रजीचे काही शिक्षक यावर नाराज होतात तेही मला माहितीये. उदाहरणं, आकडे, कोण काय म्हणालं ते संवाद, सगळं गाळायचं. वर टायटल द्यायला विसरू नये, ते मुलं हमखास विसरतात.

ए५ म्हणजे तिचं स्वतःचं मत, २ मार्क. उत्तर उताऱ्यात नसतं म्हणून मुली शोधत बसतात आणि मग सोडून देतात. 'आय थिंक' ने सुरुवात, 'बिकॉज' ने कारण, आणि घरातलं किंवा गावातलं एखादं उदाहरण, तीन छोटी वाक्यं. धरणाच्या उताऱ्यावर पाणी वाचवायचं विचारलं तर तुमच्याकडचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, उन्हाळ्यात आटतो का, एवढं लिहिलं तरी बास. गाईडमधलं पाठ केलेलं 'वॉटर इज लाइफ' नको हो.

प्रश्न : सरावाला उतारे आणायचे कुठून? गाईडमधले सगळे सोडवून झाले. — विद्यार्थी, नांदेड

गाईडमधले उतारे दुसऱ्यांदा सोडवलेस तर ती आठवणीची परीक्षा झाली, वाचनाची नाही. बालभारतीच्या साइटवर इंग्रजी माध्यमाची सातवी-आठवीची इंग्रजीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, त्यातले धडे तुझ्यासाठी अनसीनच आहेत आणि लेव्हलही साधारण जमते. वाचायची गोडीच नसेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर उघड, तेही फुकट, गोष्टींना १ ते ४ अशा पातळ्या दिल्यात, तू ३ पासून सुरू कर. बऱ्याच गोष्टी तिथे मराठीतही आहेत, पण मराठी आधी उघडायची नाही, इंग्रजी वाचून झाल्यावर पडताळायला उघडायची. आणि पाठ्यपुस्तकातले धडे सोडू नकोस, दुसऱ्या प्रश्नातले दोन्ही उतारे तिथूनच येतात, २० मार्कांचे, आणि अनसीनच्या धास्तीत मुलं नेमके तेच कच्चे ठेवतात.