दुसऱ्याचा विचार करणारा माणूस ओळखायचा कसा? गोड बोलणं म्हणजेच तो गुण का?

नाही, गोड बोलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याची अडचण ज्याच्या लक्षात येते आणि जो त्यावर काहीतरी करतो, तो माणूस खरा विचारी. मी रोज ठाणे-वाशी लोकलने जाते, लेडीज डब्यात हे अगदी जवळून दिसतं. गाडी सुटते न सुटते तोच बसलेली एखादी बाई समोर दमून उभ्या असलेल्या मुलीला आपणहून सांगते, "मी रबाळ्याला उतरणारे, तू इथेच थांब." जागा तिने लगेच सोडलेली नसते, पण त्या मुलीला आता डबाभर "कुठे उतरणार?" विचारत फिरावं लागत नाही. शेजारची हसून "बस ना गं" म्हणते आणि बाजूला ठेवलेली पिशवी काही उचलत नाही. मला पहिलीच जास्त विचारी वाटते.

मात्र नुसत्या अंदाजावर हा गुण टिकत नाही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येत नाही, त्याच्याशी बोललं की येतं. "लग्नाला येऊ नका, दगदग होईल" असं सासूबाईंना परस्पर सांगणारी सून मनाने चांगलीच असते, पण तिने विचारलेलं नसतं. त्यांना कदाचित जायचंच असतं, फक्त ठाणे स्टेशनचा जिना नको असतो.